तीन सिलिंडर आणि आंघोळीचं पाणी

धूर म्हणजे न जळलेलं इंधन. चुलीत सरपण सारलं की लाकूड तापून त्यातून वायू सुटतात, ज्योत दिसते ती त्यांची. ते पुरते जळायला भरपूर हवा, पुरेशी आच आणि थोडा वेळ लागतो. काटक्या ओल्या असल्या तर बरीच आच पाणी उडवण्यातच जाते. ज्योत गार पातेल्याच्या बुडाला टेकली की जळणं अर्धवट राहतं. मग सुटतो कार्बन मोनॉक्साइड आणि अडीच मायक्रॉनहून बारीक कण. फुंकणी घेऊन वाकलेल्या बाईच्या छातीत जातात ते हेच.

गॅसने हा धूर किती हटतो? ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि तामिळनाडूतल्या सुमारे ३,२०० गरोदर बायकांच्या घरी ते तपासलं गेलं. निम्म्यांना शेगडी आणि दीड वर्ष सिलिंडर, तेही फुकट आणि घरपोच. तिथे चूल जवळजवळ बंद पडली. चुलीवाल्या बायकांच्या श्वासात घनमीटरला ७१ मायक्रोग्रॅम कण जात होते, यांच्या श्वासात २४. बाळांच्या जन्मवजनात मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा ५ आहे, तेव्हा २४ म्हणजेही काही निर्मळ हवा नव्हे.

आपल्याकडे १ मे २०१६ला उत्तर प्रदेशातल्या बलियात, गरीब घरांतल्या बायकांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. जोडण्यांचा हा वेग खरंच थक्क करणारा. पण २०१९-२०मध्ये उज्ज्वलाच्या घरांनी सरासरी जेमतेम तीनच सिलिंडर भरून घेतले. सिलिंडरचे पैसे एकरकमी मोजावे लागतात. तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्यांना फक्त बाईचे कष्ट लागतात आणि ते कोण मोजतो? म्हणून चहा-भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर.

पाण्याचाच हिशेब करू. चौघांचं साठ लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला, शेगडीची साठ टक्के आच कामी आली असं धरलं, तर रोज सुमारे १८० ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे वर्षाला १४.२ किलोचे साडेचार सिलिंडर, आणि अजून डाळही शिजलेली नाही!

पुढे सिलिंडरमागे २०० आणि मग ३०० रुपये अनुदान मिळू लागलं. २०२३-२४मध्ये सरासरी चारच्या जवळ गेली. आंघोळीच्या हिशेबालाही तेव्हा अर्धा सिलिंडर कमीच.