'डो'च्या पायाशी गळालेले अक्षर

ठाणे स्टेशनाजवळचे क्लास असोत की वाशी-नेरुळची इंजिनीअरिंग कॉलेजे, पहिल्या वर्षाच्या गणितात ∂ ला कुणी आंशिक अवकलनाचे (अनेक चलांपैकी, म्हणजे बदलत्या राशींपैकी, एक जरासे बदलले तर उत्तर किती वेगाने बदलते ते काढण्याचे) चिन्ह म्हणत नाही. ते 'डो'. 'डो यू बाय डो एक्स' म्हटले की काम भागते. काही जण 'डेल' म्हणतात आणि पुढे उलट्या त्रिकोणाचा डेल (∇ हे वेगळेच चिन्ह) आला की अडखळतात, पण ते किरकोळ.

अठराव्या शतकात साधा 'डी' कंसात घालून निभावत. वळणदार ∂ १७७० च्या सुमारास फ्रेंच लेखनात दिसते. १७८६ मध्ये एकाने ते आजच्या अर्थाने वापरले आणि पुढे सोडूनही दिले. १८४१ मध्ये एका जर्मन गणितज्ञाने ते पुन्हा उचलले, आणि मग ते हळूहळू रुळले. त्याने तेव्हाच बजावले होते की फल (चलांवर अवलंबून असलेली राशी) आणि चल सांगून पुरत नाही. स्थिर काय धरले तेही सांगावे लागते. खूण सगळ्यांनी घेतली, ताकीद मात्र बहुतेकांनी वाऱ्यावर सोडली.

एक्स = आर कॉस थीटा, वाय = आर साइन थीटा हे नेहमीचेच गणित घ्या (आर म्हणजे बिंदूचे मध्यापासूनचे अंतर, थीटा म्हणजे कोन). ∂आर/∂एक्स किती? वाय स्थिर धरला तर कॉस थीटा. थीटा स्थिर धरला तर सेक थीटा, म्हणजे एक भागिले कॉस थीटा. थीटा ६० अंश असेल, तर पहिले उत्तर अर्धा आणि दुसरे २. चौपट फरक, आणि कागदावर खूण तीच! ∂एक्स/∂आर उलटे करून ∂आर/∂एक्स काढणारी मुले इथेच मार्क घालवतात. कारण पहिल्यात थीटा स्थिर होता आणि दुसऱ्यात वाय, हे खुणेत कुठेच दिसत नाही.

उष्मागतिकीवाल्यांनी (उष्णता आणि ऊर्जेचा अभ्यास करणाऱ्यांनी) मात्र कंसाच्या पायाशी स्थिर चलाचे अक्षर लिहिण्याची शिस्त पाळली. त्यांना गत्यंतरच नव्हते. एन्ट्रॉपीचे (पदार्थातल्या अव्यवस्थेच्या मापाचे) तापमानाशी अवकलन हवेसाठी दाब स्थिर धरून केले, तर आकारमान स्थिर धरून येणाऱ्या उत्तराच्या सुमारे १.४ पट येते. गणिताच्या पुस्तकांत हीच गोष्ट प्रकरणाच्या शेवटी छोट्या उपशीर्षकाखाली सापडते. माझ्या मते ती पहिल्या तासाला फळ्यावर हवी.

आता ऐरोलीच्या आयटी पार्कात न्यूरल नेटवर्कवर (थराथरांनी आकडेमोड करत शिकणाऱ्या संगणकीय रचनेवर) काम करणारेही रोज 'डो लॉस बाय डो वेट' म्हणतात; लॉस म्हणजे उत्तरातली चूक, वेट म्हणजे जुळवायचा आकडा. पहिल्या थरातले वेट हलवले की मधल्या थरांचे आकडेही हलतात. वेटचा परिणाम त्यांच्यातूनच लॉसपर्यंत पोचतो, म्हणून ते स्थिर धरले तर उत्तर चक्क शून्य.