हाय रिस्क प्रेग्नन्सीत एफएनबी करायचंय? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

गायनॅकमध्ये पीजी झालं आणि आता फक्त जोखमीच्या गरोदरपणातच काम करायचंय, अशांसाठी नॅशनल बोर्डाची म्हणजे एनबीईएमएस या वैद्यकीय परीक्षा मंडळाची दोन वर्षांची एफएनबी (फेलो ऑफ नॅशनल बोर्ड) फेलोशिप आहे. आता तिचं नाव मॅटर्नल अँड फीटल मेडिसिन, आधी हाय रिस्क प्रेग्नन्सी अँड पेरिनॅटॉलॉजी म्हणायचे, त्यामुळे जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका.

पात्रता सरळ आहे, ऑब्स-गायनीमध्ये एमडी, एमएस किंवा डीएनबी पाहिजे. नुसता डीजीओ हा डिप्लोमा असेल तर चालत नाही, आधी डीएनबी पूर्ण करावं लागतं. आणि याला नीट-एसएस नाही बरं का, ती डीएम, एमसीएच आणि डीआरएनबी या सुपरस्पेशालिटी कोर्सेसची परीक्षा, इथे एफईटी म्हणजे फेलोशिप एन्ट्रन्स टेस्ट नावाची वेगळी एन्ट्रन्स असते. रेसिडेन्सी संपत आली असेल तर बुलेटिनमधली, म्हणजे परीक्षेच्या माहितीपत्रकातली कट-ऑफ तारीख सगळ्यात आधी बघा, कारण त्या तारखेपर्यंत पीजी पूर्ण नसेल तर मार्क कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

फॉर्म बोर्डाच्या वेबसाइटवर ऑनलाइन भरायचा, फोटो, सही अपलोड करायची, फी भरायची. परीक्षा कॉम्प्युटरवर, मग रँकप्रमाणे ऑनलाइन काउन्सेलिंग. सीट घेताना घाई करू नका, कारण जॉईन होऊन मध्येच सोडलं तर बोर्डाच्या दुसऱ्या कोर्सला जाण्यावर बंधन येतं, तो नियम बुलेटिनमध्ये नीट वाचा.

कागदपत्रांत एमबीबीएस आणि पीजीची डिग्री किंवा पास सर्टिफिकेट, फोटो आयडी आणि मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतं. आपल्याकडे बरेच जण पीजी झाल्यावर एमएमसीकडे (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) ॲडिशनल क्वालिफिकेशन नोंदवायचं लांबणीवर टाकतात आणि ऐनवेळी धावपळ करतात, ते आधीच उरकून घ्या. सीट दुसऱ्या राज्यात मिळाली, समजा हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलला, तर तिथल्या कौन्सिलची नोंदणी लागेल, म्हणजे एमएमसीची एनओसी आली. सरकारी कॉलेजातून पीजी केलेल्यांचा सरकारी सेवेचा बाँड असतो आणि ओरिजिनल्स कॉलेजकडेच अडकलेली असतात, त्यामुळे बाँडचं काय करायचं हे काउन्सेलिंगच्या आधी कॉलेजमध्ये लेखी विचारून ठेवा.

हॉस्पिटल निवडताना मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथे आई आणि बाळ दोघांचंही काम शिकायला मिळतं का. काही ठिकाणी फेलो दिवसभर सोनोग्राफीच करतात, ॲनॉमली स्कॅन (बाळातले दोष बघायचा), डॉप्लर (रक्तप्रवाह बघायचा), ॲम्निओसेंटेसिस (गर्भजल काढून तपासणं) हे सगळं छान शिकतात, पण एक्लॅम्पसियाची म्हणजे बीपी वाढून झटके आलेली पेशंट आयसीयूत असते तेव्हा ते तिथे नसतात. आपल्याकडे हृदयाची झडप आखडलेली, आधी कधी निदानच न झालेली बाई सातव्या महिन्यात दम लागून येते, ॲक्रिटाची (वार गर्भाशयाला घट्ट चिकटलेली) पेशंट रात्री रेफर होऊन येते. पीएमएसएमएच्या (प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान) दर महिन्याच्या 9 तारखेच्या तपासणीत जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतं, पण पुढे तिला सांभाळणारं कोणीतरी पाहिजे ना, तेच तर शिकायला आपण चाललोय. म्हणून चॉइस भरायच्या आधी तिथल्या आत्ताच्या फेलोला फोन करा, ब्लड बँक आणि एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) त्याच आवारात आहे का, लेबर वॉर्डची ड्यूटी असते का, इन्ट्रायुटेराइन ट्रान्सफ्युजन (पोटातल्या बाळाला रक्त देणं) स्वतःच्या हाताने करू देतात का, हे स्पष्ट विचारा.

जॉईन झाल्यावर एक काम पहिल्याच आठवड्यात करायचं. पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याच्या नोंदणीत तुमचं नाव चढल्याशिवाय सोनोग्राफीच्या प्रोबला हात लावू नका. स्टाफ बदलणार असेल तर सेंटरने 30 दिवस आधी कळवायचं असतं आणि एका जिल्ह्यात एका डॉक्टरचं नाव जास्तीत जास्त दोनच सेंटरवर चालतं, म्हणून आधीच्या दवाखान्यात तुमचं नाव असेल तर ते काढून घेतल्याचं पत्र सोबत न्या.