गाठीतला ताप

"धुळीत काम करतोस ना, मग गुळाचा खडा खा, छाती साफ होते." पलूस-कराड पट्ट्यात हे ऐकल्याशिवाय कुणी मोठं होत नाही. पण गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची गाठ कुठेच पडत नाही. आमच्या गल्लीतला एक पोरगा साखर कारखान्यात बगॅसच्या, म्हणजे रस काढल्यावर उरलेल्या उसाच्या चोथ्याच्या, गाठी फोडायच्या कामावर होता. दोन महिने त्याने नेमाने गूळ खाल्ला आणि तरी अधूनमधून रात्री थंडी वाजून तापाने फणफणायचा. मलेरियाची तपासणी झाली, टायफॉइडची झाली, अँटिबायोटिक्सचे डोस झाले. मूळ मात्र त्या बगॅसच्या धुळीत होतं.

एक टन उसामागे पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस निघतो. त्यात निम्मं पाणी, शिवाय थोडी साखर उरलेली. गुऱ्हाळावर चिपाडं उन्हात वाळवून चुलवाणात घालतात, त्यामुळे ती सडायला सवड मिळत नाही. कारखान्यात गाठींच्या थप्प्या लागतात. आत साखर आंबते, ऊब कोंडते आणि गाभा 50-60 अंशांपर्यंत तापतो. साधे जंतू तिथे मरतात, पण थर्मोॲक्टिनोमायसिस सॅकॅरी हा उष्णताप्रेमी नेमका तेव्हाच फोफावतो. गाठ फोडली की राखेसारखा पांढरट धुरळा उडतो, तो त्याच्या बीजाणूंचा. सगळे त्याला बुरशीच म्हणतात. तंतू बुरशीसारखे असले तरी कूळ जिवाणूंचं.

खरी गंमत पुढे आहे. हा बीजाणू जेमतेम एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नाकातले केस, घशातला चिकट द्राव यांना चकवून तो थेट वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत पोचतो. तिथे तो वाढत नाही, संसर्ग करत नाही, म्हणून अँटिबायोटिक्सचा उपयोग शून्य. बिघडवतं ते आपलंच संरक्षक दल. वारंवार धूळ गेली की काहींच्या रक्तात त्याविरुद्ध आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात. पुढच्या वेळी ती बीजाणूंच्या प्रथिनांना चिकटून त्यांचे पुंजके बनवतात, पुंजक्यांवर पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि त्या धुमश्चक्रीत वायुकोशांची नाजूक भिंत सुजते. दम्यात आयजीई या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांमुळे मिनिटांत घरघर सुरू होते. इथे चार ते आठ तास लागतात. पाळी संपवून माणूस घरी येतो, जेवतो आणि मग हुडहुडी भरते. कामावर संशय जातच नाही. टी-पेशी हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकारही यात उतरतो, फुप्फुसात सूक्ष्म गाठी धरतात, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं तर तिथे कायमचे व्रण पडतात. ते भरून येत नाहीत.

बगॅसोसिस नावाने हा आजार 1941 साली अमेरिकेतल्या लुईझियानात नोंदला गेला. आपल्याकडच्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीतही त्याचं नाव घातलं गेलं. बगॅसवर प्रोपिऑनिक आम्ल फवारलं तर हे जंतू वाढत नाहीत. गाठी फोडताना पाणी मारणं आणि एन-95 मास्क लावणं तर आजही जमण्यासारखं आहे. तोंडाला बांधलेला टॉवेल एक मायक्रॉनला अडवत नाही.

त्या पोराचं निदान सुचलं ते त्याच्या आईमुळे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तापाच्या तारखांवर पेनाने फुल्या मारत होती. त्याने हजेरीची वही शेजारी धरली. ज्या दिवशी जुनी थप्पी फोडली, त्या प्रत्येक तारखेवर फुली होती.