बेळगावचा गाइड हिमनदीपर्यंत पोचला कसा

मे महिना लागला की खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं बॅगा बांधायला लागतात. ऊस कारखान्याला जाऊन झालेला असतो, पोरांच्या परीक्षा संपलेल्या असतात आणि मृग निघायच्या आत शेताकडं परत यायचं असतं, म्हणून हिमालयाची टूर नेमकी याच दिवसांत बसते. ग्रुपबरोबर आपल्याच भागातला एक टूर लीडर असतो, सगळे त्याला गाइड म्हणतात, तो मराठीत सांगतो, अथणी-गोकाकवाल्यांसाठी तेच परत कन्नडमध्ये सांगतो आणि दिल्लीत उतरलं की हिंदी सुरू करतो. आज हे काम आपल्याकडं नेहमीचं झालंय, पण ते कसं जुळत आलं बघायला गेलं तर दोनशे वर्षं मागं जावं लागतं. आणि त्या सगळ्या हकिकतीत मला मोठा वाटतो तो बर्फाच्या पायथ्याशी राहणारा गावकरी, कारण वाट त्याची होती आणि नकाशावर नाव लागलं दुसऱ्याचं.

आपल्याकडं डोंगर आहे, पाणी आहे, बर्फ नाही. मलप्रभा कणकुंबीला उगवते, म्हादई त्याच खानापूर तालुक्यात देगावजवळ, दोन्ही पावसावर आणि झऱ्यांवर जगणाऱ्या नद्या, उन्हाळ्यात पात्रातले दगड उघडे पडतात. गंगोत्रीकडून येणाऱ्या भागीरथीचं उलटं आहे, ऊन तापेल तसं पाणी वाढतं. त्यामुळं सह्याद्रीत, राजहंसगड-पारगडाच्या वाटेवर पाय तयार झालेल्या माणसालाही बर्फाचा मुलूख नव्यानं शिकावा लागतो.

आपली माणसं तिकडं जायला लागली ती देवासाठी. बद्री-केदारची यात्रा तेव्हा हृषीकेशापासून पायी होती, वाटेत चट्ट्या असायच्या, तिथं मुक्काम, तिथंच शिधा घेऊन स्वयंपाक. अहिल्याबाई होळकरांनी बद्री-केदारला धर्मशाळा बांधल्या त्या याच यात्रेकरूंसाठी. त्या काळातला गाइड म्हणजे पंडा. उतरायची सोय तो करायचा, पूजा तो सांगायचा आणि तुमच्या घराण्याची नावं त्याच्या वहीत लिहिलेली असायची. हरिद्वारला त्या वह्या अजून आहेत, आजोबा-पणजोबाचं नाव सापडलं की भलेभले रडतात. पण पंड्याचं काम देवळापाशी संपायचं, देवळामागचा बर्फ हा त्याचा प्रांत नव्हता.

बर्फावर जाणारे आले ते कंपनी सरकारचे साहेब. 1817 मध्ये कॅप्टन हॉजसन गंगेचा उगम शोधत गोमुखापर्यंत, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या तोंडापर्यंत, गेला. 1830 मध्ये कुमाऊंचा कमिशनर ट्रेल पिंडारी हिमनदीच्या वरची खिंड ओलांडून पलीकडं जोहार खोऱ्यात उतरला, उंची 5300 मीटरच्या आसपास, नंदादेवी आणि नंदाकोट यांच्या मधोमध. त्याला घेऊन गेला सुपी गावचा मलकसिंग. खिंडीचं नाव आज जगभर ट्रेल पास असं आहे, गावाकडचे लोक मात्र तिला पिंडारी कांडा म्हणत आलेत. बर्फाच्या चकाकीनं साहेबाचे डोळे गेले होते आणि अल्मोड्यात नंदादेवीला पुजल्यावरच ते बरे झाले, असंही तिकडं सांगतात, ते खरं-खोटं राहू दे, पण मलकसिंगचं नाव दोनशे वर्षं लोकांच्या तोंडी टिकलं हे मला फार मोलाचं वाटतं.

तिकडं युरोपातही असंच घडत होतं, फक्त तिथल्या गाइडांनी एक शहाणपणाचं काम केलं. आल्प्स पर्वतातलं माँ ब्लांक शिखर 1786 मध्ये पहिल्यांदा सर झालं ते शामोनी गावातल्या दोघांकडून, बालमा आणि डॉक्टर पाकार. पुढं 1820 मध्ये एका रशियन डॉक्टरला वर नेताना हिमकडा सुटला आणि तीन गाइड बर्फाच्या भेगेत गाडले गेले. दुसऱ्याच वर्षी, 1821 ला, गावच्या गाइडांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना काढली, कामं पाळीपाळीनं वाटायची आणि मेलेल्याच्या घरच्यांसाठी फंड ठेवायचा असं ठरवलं. ती संघटना आजही चालू आहे. आणि ते तिघं? हिमनदी वाहते, गुऱ्हाळातली घट्ट काकवी उतारावर सरकावी तशी, कडेला हळू आणि मधे जरा जोरात, हे फोर्ब्स नावाच्या शास्त्रज्ञानं 1842 मध्ये शामोनीजवळच्याच दुसऱ्या एका हिमनदीवर मोजून दाखवलं होतं आणि साधारण 40 वर्षांनी हे अवशेष खाली येतील असा अंदाजही सांगितला होता. 1861 मध्ये ते खरोखरच हिमनदीच्या पायथ्याशी बाहेर पडले.

आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत बर्फाची गोष्ट आली ती फौजेतून. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, गावागावात रिटायर सुभेदार-हवालदार, आणि 1984 मध्ये सियाचीनवर फौज चढल्यापासून तर हिमनदी हा शब्द पोरांनाही माहीत झाला. 2016 मध्ये तिथल्या हिमप्रपातात सहा दिवस गाडला गेलेला लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद शेजारच्याच धारवाड जिल्ह्याचा, तो जिवंत निघाला आणि मग दवाखान्यात वारला, तेव्हा आपल्याकडं घराघरात हळहळ होती.

रस्तेही फौजेमुळंच झाले. 1960 मध्ये सीमेवर रस्ते बांधणाऱ्या बॉर्डर रोड्स संघटनेची स्थापना झाली, 1962 चं युद्ध झालं आणि त्यानंतर सीमेकडं जाणाऱ्या याच खोऱ्यांत मोटार पोचली, जिथं महिना लागायचा तिथं दिवस लागायला लागले. 1954 ला दार्जिलिंगला आणि 1965 ला उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या संस्था निघाल्या, एनसीसीची आणि कॉलेजची पोरं कोर्स करायला, यूथ हॉस्टेलच्या कॅम्पला जायला लागली. 1984 मध्येच मुंबईत केसरी टूर्स सुरू झालं, अशा मराठी कंपन्यांमुळं घरचं जेवण आणि सोबत आपल्या भाषेतला टूर मॅनेजर ही सवय लागली. बेळगावहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते, तेवढी सोय आपल्याला पुरली.

आता गोमुखाची वाट जवळून बघा, म्हणजे गाइडचं काम कळेल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, गंगोत्री 3100 च्या आसपास, गोमुख 4000 ला टेकलेलं, तिथं श्वासाला ऑक्सिजन समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपासच मिळतो. म्हणून शहाणा लीडर हर्सिलला नाहीतर गंगोत्रीत एक दिवस जास्त थांबवतो, लोक कुरकुर करतात तरी थांबवतो. दिवसाला 150 परमिट, नाक्यावर प्लास्टिकची तपासणी, मग चीडबासा, भोजबासा असं 14 किलोमीटर, पुढं चार-पाच किलोमीटर नुसती दगडांची रास. उजाडताच निघायचं, कारण रात्री गोठून धरलेले दगड दुपारच्या उन्हात सुटून खाली येतात. बेळगावचा दुधाचा कुंदा वाटेतच संपवावा लागतो, बॅगेत टिकतो तो गोकाकचा करदंट, गूळ-डिंक-सुक्यामेव्याचा, आणि चढावर तोच कामाला येतो. पाणी मात्र निळं नसतं, राखाडी असतं, कारण हिमनदी सरकताना खालचा खडक पिठासारखा दळत येते, पहिल्यांदा बघणारा हिरमुसतो, त्याला हे सांगायलाच तिथं माणूस लागतो. आणि पुढं पाऊल टाकायचं की नाही हे स्थानिक पोर्टर ठरवतो, आपला लीडर नव्हे. ज्याला हे मान्य नाही त्याच्याबरोबर मी तरी घरच्यांना पाठवणार नाही.

ही वाट दरवर्षी बदलते आहे. 1935 मध्ये ऑडेन या भूवैज्ञानिकानं गोमुखाची जागा नकाशावर नोंदवली, तिथून ते मुख दीड किलोमीटरहून जास्त मागं गेलंय. जून 2013 मध्ये केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव फुटला, गांधीजींच्या अस्थी विसर्जन केल्या म्हणून ज्याला गांधी सरोवर म्हणायचे तोच, आणि खालचं सगळं वाहून गेलं. 5 ऑगस्ट 2025 ला गंगोत्रीच्याच रस्त्यावर धरालीत लोंढा आला, महाराष्ट्रातले यात्रेकरूही अडकले. आता आपल्याकडचे जबाबदार लीडर पावसाळ्याची तारीख घेत नाहीत, मे-जून नाहीतर सप्टेंबरनंतर देवळांची दारं बंद व्हायच्या आत, परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवतात आणि निघायच्या आदल्या रात्री गंगोत्रीतल्या पोर्टरला फोन करून विचारतात, रस्ता कसा आहे.