पाणबुडीचा शोध ज्यूल व्हर्नने लावला नाही

'पाणबुडी नव्हतीच, तेव्हा व्हर्नने ती कल्पनेने पाहिली' असा फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नबद्दलचा मजकूर दर काही महिन्यांनी फिरत येतो. ऐकायला छान आहे, पण खरं नाही.

व्हर्नची समुद्राखालच्या सफरीची कादंबरी 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' १८६९-७० मध्ये क्रमशः छापली गेली. त्याआधी १८०० मध्येच रॉबर्ट फुल्टनने फ्रान्समध्ये पाणबुडी बांधून पाण्याखाली नेली होती. तिचं नाव? 'नॉटिलस'! व्हर्नच्या पाणबुडीचंही नाव हेच, म्हणजे नावसुद्धा उसनंच. १८६३ मध्ये फ्रेंच नौदलाची 'प्लाँजर' पाण्यात उतरली, आणि १८६४ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात 'हनली'ने एक युद्धनौका बुडवलीही.

(जाता जाता: शीर्षकातले वीस हजार लीग (लीग हे अंतराचं जुनं माप) ही खोली नव्हे, प्रवासाचं अंतर आहे. सुमारे ८०,००० किलोमीटर! पृथ्वीचा व्यासच १२,७०० च्या आसपास, तेवढं खोल जाणार कुठे?)

मग व्हर्नचं स्वतःचं काय? माझ्या मते तपशील. त्याची बोट विजेवर चालते, पण हवा बनवू शकत नाही; ती भरून घ्यायला वर यावंच लागतं. म्हणूनच दक्षिण ध्रुवाजवळ बर्फात अडकल्यावर वाचकाचाही जीव घुसमटतो. माणसं कुदळींनी बर्फ फोडताहेत, भोवतीचं पाणी गोठत चाललंय, आणि ते गोठू नये म्हणून बोटीचा कप्तान निमो उकळतं पाणी बाहेर सोडतो. हा निमो बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या उठावात लढलेला, हे पुढच्या एका कादंबरीत कळतं. भा. रा. भागवतांच्या मराठी अनुवादांवर वाढलेल्यांना हे सांगायला नकोच.