पांढऱ्या टी-शर्टवरचा पिवळा चौकोन

हीट प्रेस (तापलेल्या प्लेटखाली कापड दाबून त्यावर चित्र उतरवणारं यंत्र) उघडली की छपाई झकास उतरलेली दिसते, पण तिच्याभोवती प्लेटच्या मापाचा फिकट पिवळा चौकोनही उमटलेला असतो. कापडाला भोक पडलेलं नसतं की धूर आलेला नसतो. मग झालं काय?

सुती धागा म्हणजे सेल्युलोज. ते वितळत नाही. तापत गेलं की त्याच्या रेणूंमधून पाणी निघून जातं, हवेतला ऑक्सिजन त्यांना चिकटतो आणि निळा प्रकाश शोषणारे नवे बंध तयार होतात. निळा वजा झाला की उरलेला प्रकाश डोळ्यांना पिवळा दिसतो, आणि प्रकरण पुढे गेलं तर तपकिरी.

सुती कापड करपण्याचा एकच ठरावीक अंश नसतो. तापमान आणि वेळ, दोन्हींचा हिशोब लागतो. रासायनिक क्रियेचा वेग दर १० अंशांमागे साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. त्या हिशोबाने १६० अंश सेल्सियसला निभावून गेलेले १५ सेकंद १८० अंशांना चौपट महागात पडतात. घाई असली तरी तापमान वाढवून वेळ वाचवण्याचा मोह टाळावा.

खरी गंमत पाण्याची आहे. कोरडा वाटणारा सुती टी-शर्टही वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा बाळगून असतो. तो उडून जाईपर्यंत कापडाचं तापमान १०० अंशांच्या फार पुढे जात नाही. म्हणून पहिल्या दाबात ट्रान्सफर, म्हणजे कापडावर उतरवायचं छापील चित्र, नीट चिकटत नाही. कारागीर वैतागून पुन्हा, जरा जास्त वेळ दाबतो. आता मात्र कापड ठणठणीत कोरडं असतं, लगेच तापतं आणि करपतं. आधी नुसता टी-शर्ट तीन ते पाच सेकंद दाबून घेतला तर हा घोळच होत नाही.

पॉलिएस्टरचं दुखणं वेगळं. ते २५० ते २६० अंशांना वितळतं, पण ७०-८० अंशांनंतरच धागे मऊ पडू लागतात. दाबाखाली ते चपटे होतात आणि तिथे चमक येते. हा डाग नव्हे, धाग्याचा आकारच बदललेला असतो, त्यामुळे तो धुऊन जात नाही. इथे दाब आणि तापमान दोन्ही कमी हवं. शिवण किंवा बटण प्लेटखाली आलं तर सगळा दाब त्याच उंचवट्यावर पडतो. आत फोमची उशी घातली की तो वाटला जातो.

प्लेट आणि कापड यांच्यामध्ये ठेवायच्या टेफ्लॉन शीटवर लोकांचा फारच विश्वास असतो. ती चिकटणं टाळते, पण इतकी पातळ असते की उष्णता तिच्यातून सरळ पार होते. यंत्राच्या पडद्यावरचा तापमानाचा आकडाही प्लेटच्या एकाच जागेचा असतो, कडा आणि मध्य यांत फरक पडू शकतो. इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासताना चकचकीत धातूवर तो खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. नाहीतर माणूस उगाच उष्णता वाढवत बसतो.

रंगीत टी-शर्टचा रंग प्रेसमधून काढल्यावर बदललेला दिसला तर थोडं थांबावं. काही रंग थंड झाल्यावर मूळपदावर येतात. पांढऱ्या सुती कापडावरचा फिकट पिवळेपणा सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडने बऱ्याचदा निघतो. तपकिरी झालेल्या जागेचा मात्र नाद सोडावा. तिथला धागाच कमकुवत झालेला असतो, रंग गेला तरी कापड तिथेच लवकर विरतं.