डोक्याला मार लागतो तेव्हा मेंदूत काय घडते : हेल्मेट वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे हेल्मेट घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक आधी कवचावर टकटक करून ते किती कडक आहे हे पाहतात. कवच मजबूत असायलाच हवे. परंतु मेंदूच्या काही इजा कडक कवचाने टळतात आणि काही टळत नाहीत, हा फरक ठाऊक नसला तर हेल्मेटची निवड, त्याचा वापर आणि अपघातानंतर घ्यायची काळजी या तिन्ही बाबतींत गफलत होऊ शकते. आमचा व्यवसाय हेल्मेट तयार करण्याचा आहे, वैद्यकाचा नाही. त्यामुळे येथे दिलेली माहिती समजून घेण्यापुरती आहे. प्रत्यक्ष मार लागल्यास निदान आणि उपचार डॉक्टरांकडेच सोपवावेत.

मेंदूची जागा आणि त्याचा स्वभाव

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा असतो, पण तीन आवरणांच्या आत पाण्यासारख्या पातळ द्रवात तो तरंगत असल्यामुळे त्याचा प्रत्यक्ष भार जेमतेम ५० ग्रॅमइतकाच उरतो. चालताना, धावताना, उडी मारताना बसणारे धक्के या व्यवस्थेत जिरून जातात. कवटीची आतली बाजू मात्र सगळीकडे सारखी गुळगुळीत नाही. डोळ्यांच्या खोबणींच्या वर आणि मागे हाडाचे खडबडीत कंगोरे असतात, आणि मेंदूचा पुढचा भाग व कानशिलांमागचा भाग नेमके त्यांना लागून असतात. मार डोक्याच्या मागच्या बाजूला बसला तरी मेंदूचे हेच भाग वारंवार खरचटलेले का आढळतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या रचनेत आहे.

मेंदूच्या गराचा एक गुणधर्म याहूनही महत्त्वाचा आहे. सर्व बाजूंनी दाब आला तर त्याचे आकारमान जवळजवळ कमी होत नाही, पण पिळले किंवा ताणले तर तो सहज आकार बदलतो. ऑक्सफर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून असे दाखवले की डोक्याला बसलेल्या झटक्याने जो वळसा मिळतो, त्यातूनच मेंदूत सर्वाधिक ताण निर्माण होतो. सरळ रेषेतला धक्का आणि फिरवणारा धक्का असा हा भेद आजही या विषयाचा पाया मानला जातो. बहुतेक अपघातांत दोन्ही धक्के एकत्रच बसतात. कोणता जास्त होता, यावर इजेचे स्वरूप अवलंबून असते.

सरळ बसलेला मार

कठीण वस्तू डोक्यावर आदळली किंवा डोके कठीण जागेवर आपटले, की पहिला भार त्वचेवर आणि हाडावर येतो. त्वचेला खोक पडते आणि भरपूर रक्त वाहते. पाहणाऱ्याची त्यामुळे गाळण उडते, परंतु खोकेवरून आतल्या इजेचा अंदाज येत नाही. हाडाला नुसती चीर गेली तर ती बहुधा आपोआप भरून येते; लहान क्षेत्रावर जोराचा आघात झाला तर मात्र हाडाचा तुकडा आत दबून मेंदूत रुतू शकतो. कवटीच्या तळाचे हाड मोडल्यास नाकातून किंवा कानातून पातळ, पाण्यासारखा द्रव झिरपतो, डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे डाग उमटतात. या खुणा मार लागल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही दिसू लागतात.

कानशिलाजवळचे हाड कवटीत सर्वांत पातळ असलेल्या हाडांपैकी एक आहे, आणि त्याच्या आतल्या बाजूने मेंदूच्या बाह्य आवरणाची एक धमनी जाते. हाडाला तडा जाऊन ती धमनी फाटली, तर हाड आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. धमनीतील रक्तावर दाब अधिक असल्याने हा साठा वेगाने वाढतो. या इजेचे सर्वांत फसवे रूप असे, की काही जखमी थोडा वेळ बेशुद्ध पडून मग शुद्धीवर येतात, उठून बसतात, नीट बोलतात, आणि काही तासांनी पुन्हा वेगाने ढासळतात. मधल्या त्या चांगल्या काळात जखमीला घरी झोपू देणे जिवावर बेतू शकते. तेच रक्त शस्त्रक्रियेने वेळेवर काढले तर तो पूर्ण बरा होण्याची शक्यता चांगली असते.

मार जेथे बसला त्याखालचा मेंदूचा भाग ठेचला जातो, आणि पुष्कळदा त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूचा भागही ठेचला जातो. चालते डोके भिंतीवर किंवा जमिनीवर आपटून अचानक थांबते तेव्हा ही विरुद्ध बाजूची इजा विशेष आढळते. मागे पडून डोके आपटलेल्या माणसाचे कपाळामागचे भाग जास्त दुखावलेले असणे हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. अशा ठेचलेल्या भागातील रक्तस्राव पहिल्या एकदोन दिवसांत वाढू शकतो, म्हणून डॉक्टर कधी कधी सीटी स्कॅन पुन्हा करायला सांगतात.

फिरवणारा झटका

पाण्याने भरलेले भांडे जागच्या जागी एकदम फिरवले तर भांडे फिरते आणि पाणी क्षणभर मागे राहते. तिरक्या आघाताने डोके झटकन वळते तेव्हा कवटी आणि मेंदू यांच्यात असेच अंतर पडते. मेंदूच्या पृष्ठभागावरून बाह्य आवरणातील मोठ्या रक्तवाहिनीकडे जाणाऱ्या बारीक शिरा या अंतरात ताणल्या जाऊन तुटतात, आणि आवरणाखाली रक्त पसरते. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे वृद्धांमध्ये या शिरा आधीच ताणलेल्या असतात. त्यांना किरकोळ धक्क्यानंतरही हा रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो इतका सावकाश होतो की डोकेदुखी, गोंधळलेपणा किंवा चालण्यातला तोल जाणे ही लक्षणे काही आठवड्यांनी, मूळ धक्का विसरल्यावर दिसतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याचा साधा मारही अंगावर काढू नये.

फिरवणारा झटका अधिक तीव्र असेल तर तो मेंदूच्या खोल भागांपर्यंत पोहोचतो. चेतापेशींचे लांब तंतू, ज्यांतून मेंदूचे भाग एकमेकांशी जोडलेले असतात, ते ठिकठिकाणी ताणले जातात. यातले फारच थोडे तंतू त्याच क्षणी तुटतात. बाकीच्यांच्या आतील सूक्ष्म नळ्यांची रचना मोडते, त्यांतून होणारी वाहतूक अडते, अडलेल्या जागी तंतू फुगतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी तेथे विलग होतो. जखमी व्यक्ती दीर्घकाळ बेशुद्ध असते आणि तरीही सीटी स्कॅनमध्ये फारसे काही दिसत नाही, असा प्रकार या इजेत घडतो. एमआरआय तपासणीत तिच्या खुणा अधिक चांगल्या दिसतात. कवटी शाबूत, अंगावर ओरखडा नाही, आणि तरीही मेंदूच्या सर्वांत गंभीर इजांपैकी एक झालेली आहे, असे यात शक्य असते. मुका मार हा शब्द आपण हलक्या इजेसाठी वापरतो, पण डोक्याच्या बाबतीत तो हलका असेलच असे नाही.

याच घटनाक्रमाचे सौम्य टोक म्हणजे कन्कशन, अर्थात मेंदूला बसलेला हादरा. यात पेशींमधील क्षारांचा समतोल बिघडतो आणि तो सावरण्यासाठी त्यांना एरवीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, नेमके तेव्हा मेंदूकडे येणारा रक्तपुरवठा कमी पडतो. डोकेदुखी, भोवळ, मळमळ, प्रकाश सहन न होणे, मारापूर्वीचे किंवा नंतरचे न आठवणे ही त्याची लक्षणे आहेत. बहुतेक रुग्ण यात मुळीच बेशुद्ध होत नाहीत, आणि स्कॅनही सहसा निर्दोष येतो. ‘शुद्ध हरपली नाही, म्हणजे काही झाले नाही’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. पहिला हादरा निवण्याआधी खेळाच्या मैदानावर परतणे धोक्याचे ठरते.

नंतरच्या तासांत वाढणारी इजा

कवटी ही बंद पेटी असून तिच्यात मेंदू, रक्त आणि द्रव एवढ्यांनाच जागा असते. रक्त साचले किंवा मेंदूला सूज आली, तर आधी द्रव आणि शिरांतील रक्त बाहेर ढकलले जाते. ती सोय संपली की आतील दाब झपाट्याने चढतो आणि मेंदूला रक्त मिळेनासे होते. रुग्णालयात जखमीची शुद्धी मोजण्यासाठी ग्लासगो कोमा स्केल वापरतात. टीसडेल आणि जेनेट या मेंदूशल्यचिकित्सकांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत ३ ते १५ गुण असतात. १३ ते १५ ही सौम्य, ९ ते १२ ही मध्यम आणि ८ किंवा कमी ही गंभीर इजा समजली जाते. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, न आवरणारी झोप, आकडी येणे, एका बाजूची कमजोरी, बोलण्यातील अडखळणे किंवा एका डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठी दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

यात हेल्मेटचा वाटा किती

डोके दीड मीटर उंचीवरून पडले तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. हा वेग ५ मिलिमीटर अंतरात संपला तर डोक्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ३०० पट मंदन (वेग कमी होण्याचा दर) येते. २५ मिलिमीटर अंतरात संपला तर ६० पट. हे जास्तीचे अंतर कवचाखालील दाट थर्मोकोलचा थर चेपला जाऊन मिळवून देतो. कवच मार मोठ्या क्षेत्रावर पसरवते आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. त्यामुळे कवटीचे मोडणे, धमनीचे फाटणे आणि मेंदूचे ठेचले जाणे यांपासून हेल्मेट चांगले संरक्षण देते. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार मोटारसायकलस्वारांत हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो.

फिरवणाऱ्या झटक्याविरुद्ध मात्र हा थर तितका प्रभावी नसतो. काही हेल्मेटांत डोके आणि थर्मोकोल यांच्यामध्ये किंचित सरकणारा पापुद्रा बसवतात, तो या झटक्याचा काही भाग कमी करतो, आणि ‘ईसीई २२.०६’ या युरोपीय मानकात तिरक्या आघाताची चाचणीही समाविष्ट झाली आहे. तरीही कोणतेही हेल्मेट कन्कशन होणार नाही याची हमी देऊ शकत नाही, आणि तशी हमी कोणी विक्रेता देत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

माप डोक्याला घट्ट बसणारे असावे आणि हनुवटीखालचा पट्टा दरवेळी बांधलेला असावा, कारण सैल हेल्मेट पहिल्याच धक्क्यात जागा सोडते. थर्मोकोल एकदा चेपला की पूर्ववत होत नाही, आणि चेपलेला थर बाहेरून दिसतही नाही. म्हणून अपघातात मार बसलेले हेल्मेट, त्याचे कवच कितीही चांगले दिसत असले तरी, पुन्हा वापरू नये, दुसऱ्याला देऊ नये, आणि टाकून देण्यापूर्वी त्याचा पट्टा कापून टाकावा.